गाळात रुतलेल्या बोटीचा सौदा

आमची बोट विकायची ठरली ती मुलीच्या मानेमुळे.

एके दिवशी शाळेतून आम्हां दोघांना बोलावणं आलं. वर्गशिक्षिकेने दार लोटून घेतलं, खुर्च्या पुढे सरकवल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात काही ताणतणाव आहे का?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्यातूनच बाईंना बरंच काही समजल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"मुलगी हुशार आहे," त्या म्हणाल्या, "पण सदैव मान खाली घालून चालते. वर्गात शिरताना वाकते. फळ्यापाशी जातानासुद्धा खांदे पाडून जाते. एवढं दडपण चांगलं नाही हो."

दडपण वगैरे काही नव्हतं. होतं ते आमच्या केबिनचं छत. आम्ही राहायला आलो तेव्हा मुलगी त्या छताखाली दोरीवरच्या उड्या मारायची. आता ती माझ्याहून उंच झाली होती आणि छत होतं तिथेच होतं. हे मी शिक्षिकेला समजावून सांगितलं. म्हटलं, "आम्ही बोटीत राहतो." त्यावर त्यांनी "असं होय" म्हणून इतक्या करुणेने मान हलवली, की मला तो ग्लासभर पाणी पिऊन टाकावं लागलं.

परतताना बायको म्हणाली, "विकू या आता."

मला वाटलं होतं, घरी यावर रडारड होईल. निदान मुलगी तरी पाय आपटेल. मी त्यासाठी वाटेत चार समजुतीची वाक्यंही जुळवून ठेवली होती. मुलगी म्हणाली, "नवीन घरात माझ्या खोलीला दार असेल?" असेल म्हटल्यावर तिने लगेच सामानाची निवड सुरू केली. सासूबाई दोन दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या आणि त्या दोन दिवसांत मुलीचं प्राथमिक शिक्षण पूर्ण झालं होतं. त्यांनी शिवणयंत्रावरून मान वर न करता एवढंच म्हटलं, "जावईबापू, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं." म्हणजे विरोधात मी एकटाच, आणि मी तर बाजूने मत दिलेलं. ज्या बोटीच्या फोटोवर मी कचेरीत इतकी वर्षं भाव खाल्ला, तिच्यासाठी घरात कोणी एक सुस्कारासुद्धा टाकू नये, हे मनाला लागलं.

कचेरी म्हणजे विम्याची. मी आग आणि चोरी या खात्यात आहे. पाणी हे खातं वेगळं आहे आणि तिथल्या साहेबांचं माझ्याशी पटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे जे घडलं त्यात मी खात्याचा सल्ला का घेतला नाही, असं कोणी विचारू नये.

सल्ल्याची तशी टंचाई नव्हती. शेजारच्या बोटीत एक निवृत्त दंतवैद्य राहायचे. धक्क्यावर सगळे त्यांना कप्तान म्हणायचे, कारण ते सदैव सोनेरी काठाची टोपी घालून असत. त्यांची बोट त्यांनी कधी हलवलेली मात्र कोणी पाहिली नव्हती. विक्रीची बातमी कळताच ते फळीवरून आमच्या डेकवर आले आणि हातातल्या काडीने भिंतीचं लाकूड टोकरायला लागले.

"दुखतं का इथे?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच दचकून म्हणाले, "म्हणजे, ओल येते का?"

"पावसाळ्यात थोडी."

"वरून चकाकी, आतून पोकळ. अशा केसमध्ये एकच उपाय. पूर्ण रिकामं करायचं. गिऱ्हाइकाला जागा दिसली पाहिजे, जागा! तुमचं सामान बघून माणूस दारातूनच परत जाईल."

हे त्यांनी सासूबाईंच्या लोखंडी पेटीकडे बघत म्हटलं. सासूबाईंनी त्यांच्या टोपीकडे बघितलं. पण कल्पना बायकोला पटली. रविवारी आम्ही सगळं सामान धक्क्यावर काढलं: शिवणयंत्र, पेटी, पुस्तकं, गाद्या, मुलीची सायकल, आणि मी एका हिवाळ्यात हौसेने घेतलेलं व्यायामाचं ते वजनदार यंत्र. एवढं सगळं आत मावत होतं यावर आमचाही विश्वास बसेना. मेहुण्याने टेम्पो आणला, सामान आपल्या गॅरेजात नेऊन टाकलं, कुलूप लावलं आणि तो सहकुटुंब सहलीला निघून गेला.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, बोट वाकडी झालीय."

झाली होती. उजवीकडे पाण्याची टाकी, शेगडी आणि इंजिनाची बॅटरी. डावीकडे इतकी वर्षं सासूबाईंचा संसार. तो निघून गेल्याबरोबर बोट उजव्या कुशीवर कलली, जेवण झाल्यावर लवंडतात तशी. टेबलावर ठेवलेली पेन्सिल शांतपणे चालत जाऊन खाली पडली. मी उचलून ठेवली, ती पुन्हा गेली.

आणि पहिलं गिऱ्हाईक तासाभरात यायचं होतं.

बायकोने घाईघाईने उपाय शोधला. तिने सासूबाईंना डाव्या बाकाच्या अगदी टोकाला बसवलं. बोट थोडी सावरली. मग त्यांच्या शेजारी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या ठेवल्या, त्यांच्यावर चादर टाकली. बोट सरळ झाली. पेन्सिल टेबलावर थांबली.

"आई, आता ते लोक जाईपर्यंत उठू नकोस."

"मी कशाला उठतेय," सासूबाई म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बसण्याचं कौतुक होतंय."

गिऱ्हाईक म्हणजे एक नवं लग्न झालेलं जोडपं. त्यांना सगळं आवडत होतं. गोल खिडक्या आवडल्या, घडी होणारं टेबल आवडलं, ओल आलेल्या कोपऱ्यालासुद्धा ती नवी नवरी "किती जुनं वाटतं ना!" म्हणाली. मी चहा केला. मग नवऱ्याने सहज विचारलं, "आणि या आजी?"

"त्या..." मी अडखळलो, "त्या इथेच असतात."

"बोटीबरोबर?"

सासूबाईंना बोलायला कोणीतरी हवंच होतं. त्यांनी बोटीची माहिती द्यायला सुरुवात केली. थंडीत भिंतीला पाठ लावता येत नाही, पलीकडून मोठी लाँच गेली की आमटी ताटाबाहेर जाते, नळाला पाणी यावं म्हणून आधी नमस्कार करावा लागतो. सगळं खरं होतं. आम्ही दोघं हसून हसून ते विनोद असल्याचं दाखवत होतो. जोडप्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. पण सासूबाई मनाने मोठ्या. निघताना "सुखात राहा गं" म्हणून त्या नवरीच्या डोक्यावर हात ठेवायला मायेने उठल्या.

पुढचं सगळं एका क्षणात झालं. बोट कलली, चहाचे कप टेबलावरून रांगेने निघाले, चादरीखालून बादली आली आणि नवरा दारातून बाहेर गेला तो चालत नव्हे, घसरत. धक्क्यावरून कप्तानांनी त्याला झेललं. "आता चूळ भरा," असं ते सवयीने म्हणाले.

त्यानंतर मी ठरवलं, की आधी कागदपत्रं तरी नीट करून घ्यावीत. बोट दुसऱ्याच्या नावावर करायची तर परवानगी लागते. ती मिळते नदीच्या पलीकडच्या कार्यालयात, खालच्या मजल्यावर. तिथला कारकून अत्यंत सभ्य होता. सभ्य कारकुनाशी गाठ पडणं ही फार वाईट गोष्ट. तापट माणसाशी भांडता तरी येतं.

"ही बोट चालते का?" त्याने विचारलं.

"चालायला हरकत काही नाही."

"तसं नव्हे. शेवटची कधी चालली?"

"आम्ही घेतली तेव्हा धक्क्यापर्यंत चालतच आली."

"आणि तेव्हापासून तुम्ही तिच्यात राहता?"

"हो."

"मग ते घर झालं," तो आनंदाने म्हणाला. "वरचा मजला."

वरच्या मजल्यावर घरांचा विभाग होता. तिथल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "पाया कशाचा आहे? दगडी की काँक्रीट?"

"पाया नाही. खाली पाणी आहे."

"पाणी तुंबतं का?"

"नाही हो, ते वाहतं. नदी आहे ती."

बाईंनी चष्मा खाली केला. "ज्याला पाया नाही ते घर नाही. खालचा मजला."

अशी माझी वर-खाली बरीच ये-जा झाली. जिन्यातला शिपाई मला ओळखायला लागला आणि येता-जाता "काय ठरलं?" म्हणून विचारायला लागला. शेवटी त्या सभ्य कारकुनालाच माझी दया आली. तो म्हणाला, "असं करा. गुरुवारी बोट आमच्या धक्क्यावर आणा. स्वतःच्या इंजिनावर. आमचे निरीक्षक बघतील. आली तर बोट, नाही आली तर घर."

यात शंका घेण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त ते इंजिन, ज्याच्यावर मुलगी मोजे वाळत घालायची, ते सुरू व्हायला हवं होतं.

मेकॅनिक येऊन गेला. त्याने इंजिनातून एक चमचा, एक केसांचा चाप आणि गवताचं घरटं काढून दिलं आणि इंजिन सुरू करून दाखवलं. पहिल्या धडधडीला सासूबाईंना भूकंप झाल्यासारखं वाटलं. गुरुवारी मी रजा टाकली. मेहुणा अजून सहलीतच, म्हणून सासूबाई आपल्या बाकावर बादल्यांसह बसल्या. मुलगी पुढच्या टोकाला पालथी पडून पाण्यात बघायला लागली. कप्तानांना बोलावलं नव्हतं, पण ते टोपी घालून सुकाणूपाशी येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडे बघून त्यांना उतरा म्हणायचं धाडस होईना.

बायकोने दोर सोडले. मी इंजिन चालू केलं. बोट निघाली. आणि तिच्यामागे धक्क्यावरचा विजेचा खांबही निघायला लागला.

"अहो, वायर! वायर!"

आम्ही विजेची वायर काढायला विसरलो होतो. खांब चांगलाच वाकला, कचेरीत साहेबांपुढे मी वाकतो तितका. बायकोने झेप घेऊन प्लग उपटला, खांब ताठ झाला. तोवर पाण्याचा पाइप ताणून सुटला. नळ चालू, पाइपाचं दुसरं तोंड मोकळं. तो धक्क्यावर फणा काढून नाचायला लागला आणि मग कप्तानांच्या बोटीच्या उघड्या खिडकीत शिरला. आत त्यांची गादी होती. कप्तान हे सगळं बघत होते. पण हातात सुकाणू होतं आणि डोक्यावर टोपी होती. ते एवढंच म्हणाले, "खिडकी बंद करायला हवी होती," आणि नजर समोर ठेवली. त्या दिवसापासून मला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो.

मग आम्ही नदीच्या मधोमध आलो, आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. बोट छान चालायला लागली.

अगदी छान. इंजिनाची धडधड बसकी होऊन एका तालात आली. दोन्ही काठांवरची झाडं मागे सरकायला लागली. जी खिडकी इतकी वर्षं कप्तानांच्या बनियनवर उघडायची, तिच्यातून पूल दिसला, मग गोदाम, मग कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेले रंगीत कपडे. सासूबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वाऱ्याने त्यांचे केस उडत होते.

"जावईबापू, हे आधी का नाही केलं?"

आधी इंजिनाचं काम होतं, मग मुलीची परीक्षा, मग बायकोची बढती, मग कोणाचं तरी आजारपण. दर सुट्टीत निघायचं ठरायचं आणि दर सुट्टीत आम्ही गॅसचं सिलिंडर बदलून चहा पीत धक्क्यावरच बसायचो. तेही काही वाईट नव्हतं.

बायको माझ्या शेजारी येऊन टेकली. "आपण विकतोय ते बरोबरच आहे ना?"

"बरोबरच आहे."

"मग आज इतकं छान का वाटतंय?"

"विकतोय म्हणूनच निघालो ना," मी म्हटलं. तिने माझ्या दंडाला चिमटा काढला.

त्या चिमट्याने मला जरा जोर चढला असावा. मी कप्तानांकडून सुकाणू मागून घेतलं. समोर काठाला मोठी बाग होती, सकाळी फिरायला आलेले लोक कठड्यापाशी उभे होते. एका लहान मुलाने आम्हाला हात केला. मी केला. एका आजोबांनी केला. मग सगळ्यांनीच केला. एवढ्या लोकांनी मला एकत्र हात केल्याचा प्रसंग आयुष्यात पूर्वी आलेला नव्हता. मी दोन्ही हातांनी उत्तर दिलं.

बोट हळूच, कोणी उशीवर डोकं टेकावं तशी, गाळात शिरली आणि थांबली.

काठापासून फार दूर नव्हतो. दूर असतो तर बरं झालं असतं, कारण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "मागे घ्या!" "मागे नको, पंखा अडकेल!" "पाणी चढेपर्यंत थांबा!" "नदीला कुठे पाणी चढतं?" मग सल्ला देणाऱ्यांची आपसातच जुंपली आणि आमच्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. मी सुकाणू धरून दूरवर बघत उभा राहिलो, जणू इथेच यायचं होतं.

गर्दीतून एक बाई पुढे आल्या. ठेंगण्या, भारदस्त, पिकलेल्या केसांच्या, काखेत ट्रम्पेट. त्या ट्रम्पेट शिकवायच्या, असं नंतर कळलं. त्यांच्या इमारतीने सराव करायला बंदी घातल्यापासून त्या बागेतल्या झाडांमागे जाऊन वाजवायच्या, आणि आता बागेच्या रखवालदारानेही हात जोडले होते. त्यांनी कठड्यावरून वाकून विचारलं, "काचेवर विकणे आहे असं लिहिलंय. ते खरं का?"

"सध्या जरा अडचणीत आहे," मी म्हणालो.

"हो! विकायची आहे!" बायको माझ्यामागून ओरडली.

"तुमच्या भिंतीला कोणाची भिंत लागून आहे का?"

"नाही!"

बाईंनी चपला काढल्या, साडी खोचली, ट्रम्पेट डोक्यावर धरला आणि पोटरीभर पाण्यातून चालत आल्या. मुलीने हात देऊन त्यांना वर घेतलं. त्या केबिनमध्ये शिरल्या. खिडक्या बघितल्या नाहीत, टेबल बघितलं नाही. मधोमध उभ्या राहून त्यांनी एक लांबलचक सूर काढला. कपाटाचं दार आपोआप उघडलं, काचा किणकिणल्या, कप्तानांनी दाढ धरली. मी मनात म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक.

"अजून वाजवा," सासूबाई म्हणाल्या.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्हाला त्रास नाही झाला?"

"त्रास कसला? ऐकू तरी येतंय. घरात सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात."

बाईंचे डोळे भरून आले. त्या सासूबाईंच्या शेजारी बसल्या आणि बोट डावीकडे कलली. एकदम, चांगलीच. खालून काहीतरी सुटल्यासारखा चुळुक असा आवाज आला.

हे सासूबाईंच्या सर्वांत आधी लक्षात आलं. इतके दिवस त्या वजन म्हणून बसल्या होत्या, ते फुकट गेलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या. "सगळे उजवीकडे!" त्यांनी हुकूम सोडला. आम्ही उजवीकडे गेलो. "आता डावीकडे! कप्तान, रेंगाळू नका! बाई, तुम्ही ताल धरा!" बाईंनी ट्रम्पेट तोंडाला लावला, आणि त्या तालावर आम्ही पाच जण केबिनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावायला लागलो. मुलगी वाकून धावत होती आणि हसून हसून तिला श्वास घेता येत नव्हता. काठावरच्या लोकांनी भांडण थांबवून टाळ्या धरल्या. बोट झुलली, कुरकुरली आणि एक मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज करून मोकळी झाली.

टाळ्या वाजवणाऱ्यांत हातात डबा घेतलेला एक गृहस्थ होता. कार्यालयाचा धक्का बागेच्या पलीकडच्या टोकालाच होता आणि निरीक्षकसाहेब आमची वाट पाहून पाहून न्याहारीला बागेत आले होते. ते ओरडून म्हणाले, "ही तीच का? इंजिनावर आली?"

"आली!"

"मग बोट! या तिकडे, शिक्का देतो. फक्त हात करू नका कोणाला."

अशी ती ट्रम्पेटबाईंना विकली गेली. मेहुणा परतल्यावर सामान गॅरेजातून थेट नव्या घरी गेलं. मुलीच्या खोलीला दार आहे आणि ते ती दिवसभर लावूनच घेते. बायकोने स्वयंपाकघरात एक भलंमोठं टेबल घेतलंय, घडी न होणारं. सासूबाई दोन दिवसांसाठी तिथेही आल्या आहेत.

पुढे एका संध्याकाळी ट्रम्पेटबाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. बस उशिरा मिळाली, धक्क्याशी पोचलो तोवर अंधारून आलं होतं आणि बोटीत दिवे लागले होते. आम्ही चौघंही रस्त्यावरच थांबलो. इतकी वर्षं आम्ही दिव्यांच्या आतल्या बाजूला होतो. बाहेरून ती अशी दिसते हे आम्हाला माहीतच नव्हतं. गोल खिडक्यांमधून पिवळा उजेड पाण्यात उतरला होता आणि हळूहळू हलत होता. आत कोणी शिकाऊ मुलगी चुकत चुकत सूर लावत होती. शेजारच्या डेकवर कप्तान कानांत कापूस घालून, मान डोलावत, पेपर वाचत बसले होते.

फिरायला आलेलं एक जोडपं आमच्या शेजारी थांबलं. त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "काय मजा असेल नाही या लोकांची!"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई पुढे झाल्या. "असतेच मुळी," त्या म्हणाल्या. "आम्ही राहिलोय ना हिच्यात. पुष्कळ फिरलो. आज इथे, उद्या तिथे. वाऱ्याने केस कसे उडायचे म्हणून सांगू!"

ते दोघं कौतुकाने ऐकत राहिले. सासूबाईंनी त्यांना कुठली कुठली बंदरं सांगितली. मी बायकोकडे पाहिलं, तिने ओठांवर बोट ठेवलं. आत चहा निवत होता, पण सासूबाई रंगात आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर पुढच्या बंदरात काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.